पाठमोरी इसाबेल

मुलुंड (पूर्व)
८ नोव्हेंबर

मामा,

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही आवाज लावता. तो खर्जातला, तूप घातलेला, रेडिओवरचा आवाज. समोरचा माणूस विरघळतो. मीसुद्धा विरघळते, आणि त्याचीच तर मला चीड आहे. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद.

काल मरोळला निमेशच्या स्टुडिओत गेले होते. तो गाळा तुम्हाला माहीतच आहे. शेजारी बाटल्यांच्या झाकणांचं मशीन धडधडतं आणि ते थांबेपर्यंत आपण बूथमध्ये घाम पुसत बसायचं. निमेश म्हणाला, मोठं काम आलंय. इंग्लंडची मालिका मराठीत डब करायची आहे. आठशे वर्षांपूर्वीचा एक बडा सरदार, अर्ल रॉजर ऑफ हॅलवर्थ, त्याच्या जन्मापासून मरणापर्यंतची गोष्ट. बायको, मुलं, लढाया, किल्ले, सगळं. त्याच्या मुलीचा, इसाबेलचा आवाज तुमचा. मी खूष! या लाइनीत आल्यापासून ससे केले, खारी केल्या, खाष्ट नणंदा केल्या. पहिल्यांदा धड माणूस मिळालं होतं.

हेडफोन लावले. समोरच्या पात्राचं डबिंग आधी झालेलं असलं की तेच कानात सोडतात, त्याच्यावर आपण बोलायचं. कानात अर्ल बोलला, "इसाबेल, इकडे ये पोरी."

तुम्ही!

काचेपलीकडून निमेश ओरडतोय, "उत्तराताई, तुमची लाइन! 'बाबा, मला घोड्यावर बसवा.'" माझ्या तोंडातून 'बाबा' निघेना. बाकीचं वाक्य नीट यायचं, तेवढाच शब्द घशात अडकायचा. निमेशला वाटलं घसा बसलाय. बिचाऱ्याने कोमट पाणी मागवलं.

त्याला काय सांगणार होते? की कानात बोलतोय तो माझा जन्मदाता बाप आहे? की मी सात वर्षांची असताना त्याने मला सख्ख्या बहिणीला देऊन टाकलं? कागद नाही, पत्र नाही, घरातल्या घरात, वाटीभर साखर द्यावी तसं. त्या दिवसापासून कमलआत्याला आई म्हणायचं, तिच्या नवऱ्याला अण्णा, आणि स्वतःच्या बापाला मामा. जन्म दिलेल्या आईला मामी! आणि भाऊ धवल, तो माझा मामेभाऊ. बाबा हा शब्द मी त्यानंतर कुणालाच लावला नाही. अण्णांनीही कधी मागितला नाही, देवमाणूस होता तो.

निघताना निमेश कौतुकाने म्हणतो, "विद्याधरसरांनीच तुमचं नाव सुचवलं. मराठी संवादही त्यांचेच आहेत." म्हणजे सगळं ठरवून. आणि गोष्टही काय निवडलीत! पहिल्याच भागात हा अर्ल राजाशी तह करतो आणि हमी म्हणून पोटची मुलगी राजाकडे ओलीस ठेवतो. मुलगे घरी, मुलगी शत्रूच्या छावणीत. मग तह मोडतो. मुलीचं काय होईल याचा विचारही करत नाही.

तुम्हाला माझ्याशी बोलायचं होतं तर बोरिवलीहून मुलुंड काय लंडनला आहे? बस मिळते की.

उत्तरा


मुलुंड
१९ नोव्हेंबर

मामा,

तुमचा व्हॉइस मेसेज आला. न ऐकताच पुसून टाकला. मग धवलचा फोन आला, "अगं, बाबा रडत होता." रडू दे. धवल तुम्हाला अरे-तुरे करतो, बाबा म्हणतो, त्याचं ठीक आहे. त्याला कधी कुणी कुणाला दिलं नाही.

काम सोडणार नाही, आधीच सांगते. सोडलं तर तुम्ही म्हणाल, पोरगी हळवी आहे. मी इसाबेल करणार आणि अशी करणार की तुमचा अर्ल फिका पडेल.

तर काल मी पहिला भाग इंग्रजीत बघितला. मूळ. निमेशकडून मागून घेतला. काय हो मामा, त्या अर्लला पेशवाईतलं मराठी दिलंत ते सोडा, 'आज्ञा व्हावी' काय, 'आम्ही निश्चिंत आहोत' काय. हॅलवर्थच्या चिखलात उभा राहून तो जणू शनिवारवाड्यात बोलतोय. हसले मी. पण पुढे ओलीस द्यायचा प्रसंग आला आणि हसू गेलं.

राजाचा माणूस इसाबेलला घोड्यावर घेतो आणि विचारतो, तह मोडलात तर हिचं काय होईल, ठाऊक आहे ना? मूळ अर्ल म्हणतो, "ठेवून घ्या. मला मुलगे आहेत." बस्, एवढंच. घोडा वळवतो आणि जातो. आणि तुमच्या मराठीत? "जपा तिला. माझा जीव आहे तो."

मला कळेना, असं कसं बसवलं? ओठ जुळले कसे? मग पुन्हा बघितलं. त्याच्या डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण आहे, हनुवटीपर्यंत. तोंड दिसतच नाही. आणि तोंड दिसत नसलं की आपल्या धंद्यात काहीही खपतं. मला हे कुणी शिकवलं? तुम्हीच! तुमच्या त्या दादरच्या शिबिरात मी बाकीच्यांसारखी फी भरून मागच्या रांगेत बसले होते. फळ्यावर लिहिलं होतंत, 'ओठ झाकले की लेखक राजा.' आम्ही वहीत उतरवून घेतलं.

तुम्ही त्या मेलेल्या इंग्रजाची बाजू सावरलीत की स्वतःची? तुम्ही बोलला होतात ते मी ऐकलंय. बोरिवलीच्या स्वयंपाकघरात मामी रडत होती आणि तुम्ही तिला म्हणालात, "मुलगी काय, तशीही जायचीच असते." मी दाराआड होते. तेव्हा अर्थ कळला नाही, पण शब्द पाठ झाले. तुमच्या तोंडावर शिरस्त्राण नव्हतं.

आणि कारण मला माहीत आहे, परत सांगू नका. आत्याला मूल नव्हतं. तिची सासू अण्णांसाठी दुसरी मुलगी बघायला निघाली होती. बहिणीचा संसार वाचवायचा होता. मोठं कारण होतं, मान्य. अर्लचंही मोठंच होतं, त्याला किल्ला वाचवायचा होता. दोघांनाही घरातली सगळ्यात लहान वस्तू द्यावीशी वाटली. धवलला द्यायचं का नाही सुचलं? उत्तर नको, मला माहीत आहे.

उत्तरा


मुलुंड
२ डिसेंबर

विद्याधरराव,

मामा म्हणायलाही आज जीभ वळत नाही.

शेवटच्या भागाची पानं शुक्रवारी आली. चित्र अजून यायचं होतं, निमेश म्हणाला, जड सीन आहे, घरी तालीम करा. मधले सगळे भाग तोवर आपले झाले होते. अर्लची भरभराट झाली. थोरल्या मुलाला जहागीरदाराची एकुलती एक मुलगी करून आणली, जमीन दुप्पट. धाकटा बापाविरुद्ध उठला, मग पाया पडला, मग परत उठला. बायको मॉड झुरून गेली. आणि इसाबेल राजवाड्यात राणीच्या दासींमध्ये वाढली. राजाने तिला मारलं नाही, ही त्याची मेहरबानी. वयात आल्यावर एका म्हाताऱ्या उमरावाला देऊन टाकली, बापाला विचारलंसुद्धा नाही. बापानेही विचारलं नाही. म्हातारपणी मात्र अर्लला देव आठवला. मठ बांधला. मरताना साधूची कफनी घालून घेतली, पाप धुऊन निघावं म्हणून. त्यांच्याकडे तशी रीतच होती म्हणे. आणि मग मुलीला बोलावणं धाडलं.

तर शेवटच्या भेटीत इसाबेलच्या तोंडी तुम्ही लिहिलंय: "तुम्ही मला न्यायला आला होतात, बाबा. त्यांनीच मला सोडलं नाही. मला ठाऊक आहे सगळं. मी तुम्हाला माफ केलंय."

मी ते हॉलमध्ये फेऱ्या मारत म्हणत होते. खोटं नाही सांगत, म्हणताना मला बरं वाटत होतं. कारण ते मला ओळखीचं होतं. मामीच्या तेराव्याला तुम्ही मला गॅलरीत नेऊन हेच सांगितलं होतंत. "उत्तरा, मी तुला न्यायला आलो होतो गं वर्षभराने. कमलताईने दिलं नाही. हातापाया पडलो तिच्या." आठवतंय? त्याच दिवशीच्या पेपरात मामीची निधनवार्ता तुम्ही दिली होतीत, पश्चात पती, मुलगा, सून, नातू. मुलगी नाहीच. तरी गॅलरीतल्या त्या एका वाक्यावर मी तुम्हाला ते सोडून दिलं. म्हटलं, आला तर होता माणूस.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तुमची कमलताई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हणाली, "कोण कुणाला न्यायला आलं होतं?"

मी म्हटलं, "डायलॉग आहे गं."

"लिहिलाय कुणी?"

मी तुमचं नाव सांगितलं. ती खुर्चीत बसली. मला वाटलं चक्कर आली. म्हणाली, "तुलाही हेच सांगितलंय का त्याने?"

मग तिने सांगितलं, आणि मी शांतपणे ऐकलं, कारण तीही शांतपणे सांगत होती. तुम्ही कधीच आला नव्हतात. ती आली होती! मला घेऊन, बोरिवलीला, स्वतःहून. वर्षभर मी धड जेवत नव्हते, झोपेत मामीला हाका मारायचे. ते तिला बघवेना. सासू काय बोलेल ते बोलो, नवरा दुसरी आणतो तर आणो, पण पोर तिच्या आईकडे जाऊ दे, असं ठरवून आली. माझे कपडे पिशवीत भरून आणले होते. तुम्ही दारातच उभे राहिलात. म्हणालात, "ताई, दिलेलं परत घेत नाहीत. तिचं नाव आता तिकडच्या शाळेत आहे. लोक काय म्हणतील?" मामी आतून बाहेर यायला बघत होती, तिला तुम्ही हाताने मागे सारलंत. आणि माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिलात.

मामा, मला तो दिवस आठवतो. माझ्या लहानपणातला सगळ्यात मजेचा दिवस म्हणून आठवतो! पेढे मिळाले, मग आई मला खाडीवर घेऊन गेली, बोटीतून गोराईला नेलं, बर्फाचा गोळा दिला. बोटीत तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की मला वाटलं हिला पाण्याची भीती वाटते. माझ्या कपड्यांची पिशवी तिच्या पायाशी होती. मी विचारलंसुद्धा नाही, हे कपडे कशाला आणलेस.

आणि तुम्ही जगाला काय सांगत फिरलात? कमलताईने पोर सोडली नाही. नात्यातल्या प्रत्येक लग्नात बायका तिच्याकडे बघून कुजबुजायच्या, भावाची पोर गिळली हिने. मीही मामीच्या तेराव्यापासूनची ही आठ वर्षं तिच्याशी भांडताना मनात तेच घोळवलं. ती एक शब्द बोलली नाही. का नाही बोललीस, विचारलं तर म्हणते, "बोलले असते तर तुला कळलं असतं, की बापाने दोनदा दिली."

तळपायाची आग मस्तकात गेलीय माझी. आज एवढंच.

उत्तरा


मुलुंड
१० डिसेंबर

मामा,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं! अक्षर सुंदर, भाषा सुंदर, 'काळाच्या ओघात स्मृती धूसर होतात' वगैरे. आईची स्मृती धूसर नाही. तिला त्या पिशवीचा रंगही आठवतो. तुम्ही चार पानांत 'मी आलो नव्हतो' हे एक वाक्य लिहू शकला नाहीत.

आता ऐका, काल काय झालं. चित्र आलं, मी बूथमध्ये गेले. मूळ सीन लावला. अर्ल कफनी घालून पडलाय, दोन्ही मुलगे उशाशी. इसाबेल आत येते. आणि मामा, ती पाठमोरी आहे! अख्खा सीन कॅमेरा तिच्या पाठीमागे. लांब वेणी, ओला झगा, बस्. अर्ल विचारतो, "इसाबेल?" आणि ती बोलत नाही. एक अक्षर नाही. उभी राहते, बघते, आणि निघून जाते. तो उशीत तोंड खुपसून रडतो. संपला सीन.

तिच्या त्या गप्प पाठीवर तुम्ही माफी चिकटवलीत. ओठ झाकले की लेखक राजा!

थांबा, अजून आहे. कानात तुमचा ट्रॅक चालूच होता. "इसाबेल?" मग शांतता, माझ्या वाक्यांपुरती मापून सोडलेली. आणि मग तुमचा आवाज, भिजलेला, "गुणी गं माझी पोर ती." म्हणजे मी माफ करायच्या आधीच तुम्ही माफी घेऊन, रडून, मला शाबासकी देऊन घरी चहा प्यायला गेला होतात! माझी जागा तेवढी रिकामी ठेवलीत. त्यात काय बोलायचं तेही तुम्हीच ठरवलंत.

मी हेडफोन काढून ठेवले. निमेशला म्हटलं, मूळमध्ये बाई बोलत नाही, मी का बोलू? तो आधी गडबडला. "सरांनी इमोशनल टच दिलाय." मी म्हटलं, "निमेश, आठशे वर्षं ती बाई गप्प आहे, तुझे सर कोण तिला बोलायला लावणारे?" त्याने मूळ पुन्हा बघितलं. पोरगा प्रामाणिक आहे. म्हणाला, बरोबर आहे, काढू या. पण मग सरांचं उत्तरही काढावं लागेल, रडणं नव्याने घ्यावं लागेल. त्याने तुम्हाला सोमवारी बोलावलंय. मलाही तेव्हाच यायचंय, कारण गप्प राहणंसुद्धा रेकॉर्ड करावं लागतं, श्वास द्यावे लागतात.

मला तुमच्याकडून काय हवंय ते स्पष्ट लिहिते. माफी नको. मामीच्या नावाने गळा काढणं नको. फक्त खरं बोला, की कमलताईने पोर आणून दिली होती आणि मी परत पाठवली. आईच्या तोंडावर बोला, धवलच्या देखत, म्हणजे तो पुढे नात्यात सांगेल. तिच्यावरचा तो चोरीचा आळ ती जिवंत असताना उतरवा. ती काही पुन्हा अठ्ठ्याहत्तर वर्षं जगणार नाही.

उत्तरा


मुलुंड
१७ डिसेंबर

मामा,

काल तुम्ही मरोळला आलात. लोकरीची टोपी घालून, मुंबईच्या डिसेंबरात! वयाने खूप थकलात. मला ते दिसलं, आंधळी नाही मी. तरी लिहितेय.

निमेश मशीनवाल्यांना थांबवायला बाहेर गेला. मी बूथमध्ये, तुम्ही काचेपलीकडे त्याच्या खुर्चीत. तुम्ही टॉकबॅकचं बटण दाबलंत आणि माझ्या कानात म्हणालात, "उत्तरा, मी आलो नव्हतो." आवाज न लावता. म्हाताऱ्या माणसाचा साधा, दात गेलेला आवाज. जन्मात पहिल्यांदा ऐकला मी तो. खरंच सांगते, त्या क्षणी काच नसती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आता तरी बाबा म्हण."

वाट लावलीत! एक वाक्य खरं बोललात आणि दुसऱ्या श्वासाला भाव लावलात. दोन मिनिटं गप्प बसवलं नाही तुम्हाला? इसाबेलचा बाप तेवढा तरी गप्प राहिला हो.

मी काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. "रविवारी मुलुंडला या. हेच आईसमोर बोला." तुम्ही मान हलवलीत. मग निमेश आला, मी माझे श्वास दिले, तुम्ही तुमचं रडणं दिलंत. निमेश म्हणाला, सर, कमाल रडलात. मी टिश्यू शोधायच्या निमित्ताने बाहेर पडले.

आईला सांगितलंय तुम्ही येताय म्हणून. का येताय तेही सांगितलंय. तिने विचारलं, "विदूला अजून वालाचं बिरडं आवडतं का?" मी म्हटलं, आधी बोलू दे, मग बिरड्याचं बघू. ती ऐकणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

धवलला घेऊन या. आणि टोपी आणा, मुलुंडला डोंगराचं वारं असतं.

उत्तरा


मुलुंड
२३ डिसेंबर

मामा,

जेवण छान झालं, नाही? तुम्हीच म्हणालात. तीनदा म्हणालात.

आई शनिवारपासून वाल सोलत बसली होती. बोटांची सालं निघाली तिच्या. रविवारी ठेवणीतली साडी नेसली. हॉलमधल्या खुर्च्या तिने स्वतः हलवल्या, तुमची खुर्ची तिच्या समोर येईल अशा. पंखा बंद केला. तुम्ही हळू बोलाल आणि तिला ऐकू येणार नाही, म्हणून.

आणि तुम्ही बोललात की! रक्तदाबावर बोललात. बोरिवलीत खणलेल्या रस्त्यांवर बोललात. अर्ल रॉजरच्या कफनीवर बोललात, मध्ययुगात इंग्लंडमध्ये सरदार कसे मरायचे यावर धवलला व्याख्यान दिलंत. मी तुमच्याकडे बघत होते. धवल बघत होता, त्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं. एकदा तर तो म्हणालाही, "बाबा, तू काहीतरी बोलणार होतास ना आत्याशी?" तुम्ही पाण्याचा पेला उचललात. सावकाश प्यायलात. आणि आवाज लावलात, तोच, तूप घातलेला, "ताई, तुझ्या हाताला अजून तीच चव आहे गं."

आई म्हणाली, "अजून वाढू?"

वाढून घेतलंत!

मी तेव्हाच ताट उचलून भिंतीवर मारणार होते. आईने टेबलाखालून माझा हात धरला. म्हणून तुमचं जेवण शांततेत झालं. मग तुम्ही चपला घातल्यात, तिच्या पाया पडलात, "येतो गं ताई" म्हणालात, आणि ती म्हणाली, "सावकाश जा." दार लागलं.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. यापुढे लिहिणार नाही.

मी रडायला लागले. रागाने. म्हटलं, "आई, नाही बोलला गं. एवढं करून नाही बोलला." ती ताटं गोळा करत होती. तुमच्या ताटातला लिंबाचा तुकडा तिने उचलून टाकला, आणि मला म्हणाली, "बरं झालं बाई, नाही बोलला."

मी डोळे पुसले. म्हटलं, "बरं काय झालं?"

म्हणाली, "बोलला असता तर मला त्याला माफ करावं लागलं असतं. धाकटा भाऊ, दारात आलेला, तोंडावर नाही कसं म्हणणार? आता नाही करावं लागत." मग भांड्यात उरलेलं बिरडं तिने वाटीत काढून घेतलं, आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच, चवीने, सगळं संपवलं.

उत्तरा